बेस गिटारचं नवं इफेक्ट पेडल आलं? आधी प्रीसेट बाजूला ठेव

अभिनंदन भाऊ! पण फॅक्टरी प्रीसेटवर, म्हणजे कंपनीने आधीच भरून दिलेल्या आवाजांवर, भाळू नको. ते हेडफोनवर भारी वाटतात, ड्रम सुरू झाले की बेस गायब. एक रिकामा पॅच (आवाजाची सेटिंग साठवायची जागा) घे, त्यात फक्त कॉम्प्रेसर (लहान-मोठे सूर एकसारखे करणारा इफेक्ट) लाव आणि आठवडाभर तेवढ्यावरच वाजव.

डिस्टॉर्शनचा, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या इफेक्टचा, मोह होणारच. खालच्या ई तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा. ड्राइव्ह (डिस्टॉर्शनचं प्रमाण) वाढवला की हा तळच आधी पातळ होतो. म्हणून ब्लेंड किंवा मिक्सचं बटण शोध आणि निम्मा तरी स्वच्छ आवाज राहू दे. इफेक्ट चालू-बंद करताना आवाज सारखाच राहायला हवा, नाहीतर नुसता मोठा आवाजच आपल्याला 'चांगला' वाटतो. (गिटारवाल्यांना हे कधीच पटत नाही.)

गणपतीच्या ऑर्केस्ट्रात थेट मिक्सरला जोडशील तेव्हा अँप मॉडेल (अँप्लिफायरच्या आवाजाची नक्कल) चालू ठेव. बेस अँपला जोडलंस तर बहुधा बंदच बरं.

आणि नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून कुठलाही अडॅप्टर उचलू नको बे. व्होल्टेज आणि पिनचं प्लस-मायनस पेडलवरच्या चित्राशी ताडून घे. कोरस, फेजर असे बाकीचे इफेक्ट नंतर बघू.