बाल्कनीतल्या कपड्यांच्या तारेवर कचऱ्याचा झुबका लोंबतोय, काढून टाकू का?

नको, हात लावू नका! ते बहुतेक शिंजिराचं घरटं आहे. मुंबईत हा इवलासा पक्षी सर्रास दिसतो. घरटं मादी एकटीच बांधते. लांबूनच नीट पाहा: कोळ्याच्या जाळ्याने चिकटवलेले सालीचे तुकडे, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठासुद्धा. म्हणूनच ते कचरा वाटतं. दार बाजूला, आणि त्यावर चिमुकली पडवी! आत बहुधा 2 अंडी असतात. साधारण 15 दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि आणखी दोनेक आठवड्यांत उडतात. तोवर कपडे दुसरीकडे वाळत घाला, जाळी बसवायचं काम पुढे ढकला. घरटं हलवलं तर मादी ते सोडून जाऊ शकते. कुंडीतल्या झाडाचं पान कडेने शिवलेलं दिसलं तर ते शिंपी पक्ष्याचं घरटं. तेही पान तोडू नका.