असईची लढाई टेबलावर मांडताना

प्रश्न : आम्ही काही मित्र १५ मिलिमीटर उंचीचे सैनिक रंगवून २३ सप्टेंबर १८०३ची असईची लढाई फाशांच्या नियमांनी खेळतो. संख्याबळामुळे शिंदे-भोसल्यांची बाजू दर वेळी जिंकते. इतिहासाशी मेळ बसावा म्हणून मराठा पायदळाचे गुण कमी करावेत का?

उत्तर : कृपया तसे करू नका. शिंद्यांच्या चाकरीतील जर्मन अधिकारी पोलमनच्या हाताखालची कवायती पायदळे आणि शंभरावर तोफा हीच त्या दिवशीची मराठ्यांची खरी ताकद होती. ती पटावर लुळी केली, तर इंग्रज सेनापती वेलस्लीला ही लढाई इतकी जड का गेली, हेच खेळणाऱ्याला कळणार नाही.

दोष बहुधा मांडणीत आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातील अरुंद जमिनीवर लढाई झाली, त्यामुळे सगळे संख्याबळ एकाच वेळी आघाडीवर येऊ शकत नव्हते. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसतात, म्हणजे तिथे नदी चालत ओलांडता येईल असा उतार असणारच, असा तर्क करून वेलस्ली केळणा ओलांडून आला आणि पोलमनने आपली फळी काटकोनात वळवून त्याच्यासमोर उभी केली. ही वळण घेण्याची चाल मराठा खेळाडूला सहज मिळू द्या, कारण प्रत्यक्षात ती वेलस्लीच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी सफाईने पार पडली होती. बंधन घालायचे ते घोडदळावर. हजारोंचे हे दल लढाईत फारसे उतरलेच नाही, आणि शिंदे व भोसले प्रत्यक्ष हुकूम देत नव्हते. म्हणून घोडदळाच्या तुकड्या फाशावर सहा पडल्याशिवाय हलू नयेत. समोर मोडकळीला आलेली शत्रूची पलटण असेल, तर मात्र चारावरही हलाव्यात.

एका सैनिकामागे ३० माणसे धरली, तर वेलस्लीच्या सुमारे ४,५०० माणसांसाठी १५० आणि समोरच्या सुमारे १०,८०० कवायती शिपायांसाठी ३६० सैनिक पुरतात. तोफांसाठी आठांमागे एक प्रतिकृती ठेवा.

गोलंदाजांच्या बाबतीत मात्र थोडी जास्त मेहनत घ्या, असा माझा आग्रह आहे. इंग्रजी फळी तोफांवरून पुढे गेल्यावर अनेक गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि नंतर उठून त्यांनी पाठीमागून मारा केला. त्यासाठी प्रत्येक तोफेचे दोन बेस (सैनिक चिकटवायच्या पट्ट्या) रंगवा, एकावर तोफ चालवणारे आणि दुसऱ्यावर तोफेच्या चाकाशी आडवे पडलेले. तोफ हातातून गेली की बेस बदलावा, पुढच्या प्रत्येक फेरीत फासा टाकावा आणि पाच किंवा सहा पडले की पहिला बेस परत ठेवावा. वेलस्लीच्या खेळाडूने या तोफांसाठी राखीव तुकडी मागे ठेवली नाही, तर त्याची फळी तिथेच कापली जाते.

त्याच्या उजव्या बगलेलाही एक नियम हवा. कर्नल ऑरॉकच्या पहाऱ्याच्या तुकड्या असई गावाच्या रोखाने भरकटल्या, ७४वी पलटण त्यांच्यामागे गेली आणि गावातील तोफांसमोर तिची वाताहत झाली. १९व्या ड्रॅगूनांनी, म्हणजे इंग्रजी घोडदळाने, चढाई केली म्हणून ती पुरती संपली नाही. फाशावर एक पडल्यास उजवी बगल गावाकडे वळलीच पाहिजे.

निकाल केवळ मैदान कोणाच्या ताब्यात राहिले यावर ठरवू नका. वेलस्ली जिंकला, पण त्याची सुमारे १,६०० माणसे मेली, जखमी झाली वा बेपत्ता झाली, म्हणजे लढलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक. तुमच्या पटावर त्याचे ५०हून अधिक सैनिक पडले, तर सामना बरोबरीत धरावा आणि ७५ पडले, तर मराठ्यांचा विजय मानावा.