"मॅडम, पोरांना केवल-संयुक्त काही केल्या कळत नाही"

चाचणी परीक्षा झाली की मला हे फोन येतातच. फोन मराठीच्या शिक्षकांचे, कधी पालकांचे, आणि वाक्य जवळपास तेच, "केवल वाक्य आणि संयुक्त वाक्य यातला फरक पाच वेळा सांगितला तरी पोरं उलटंच लिहितात, आता पोरं ढ आहेत का मलाच शिकवता येत नाही?" (केवल म्हणजे एकच विधान करणारं साधं वाक्य, संयुक्त म्हणजे दोन पूर्ण वाक्यं जोडून झालेलं.) मी समुपदेशक, व्याकरणाची बाई नाही, पण खान्देशातल्या शाळांमध्ये इतकी वर्षं फिरल्यावर एवढं कळलंय की या प्रश्नात व्याकरण थोडं असतं आणि बाकीचं भलतंच काहीतरी.

तापीकाठच्या एका गावातल्या मॅडम आठवतात (ओळख पटेल असं सगळं बदललंय). सातवीला मराठी. पहिल्याच भेटीत वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बघा, व्याख्या सगळ्यांना पाठ आहे. एक उद्देश्य, एक विधेय. आणि खाली बघा काय लिहिलंय!" (उद्देश्य म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं ते, विधेय म्हणजे त्याच्याबद्दल जे सांगितलं ते.)

'रावेरच्या बागेतून काल रात्री केळीचे घड ट्रकने जळगावला गेले' याच्यापुढे निम्म्या वर्गाने संयुक्त लिहिलं होतं आणि 'ऊन वाढलं आणि केळी सुकली' याच्यापुढे केवल. म्हणजे पोरं वाक्य चक्क पट्टीने मोजत होती, लांब ते संयुक्त, छोटं ते केवल. मला तर हे हुशारीचंच वाटलं, नियम चुकीचा होता पण सगळीकडे सारखा लावलेला होता.

दोन-तीन भेटींनंतर मी म्हटलं, एकदा तुमच्या तासाला मागे बसते. तास सुरू झाला आणि एक पोरगा दहा मिनिटं उशिरा दारात. कुठे होतास? तो अहिराणीत, म्हणजे इथल्या खान्देशी बोलीत म्हणाला, "बकऱ्या सोडीसन उनू मॅडम."

"नीट बोल. शुद्ध बोल."

पोरगा गप्प. मान खाली. "सोडून... आलो." आणि पुढचा अख्खा तास त्याने तोंड उघडलं नाही.

तास संपल्यावर मी त्याला जवळ बोलावलं आणि मॅडमच्या समोरच विचारलं, बाळा, तू मघाशी जे बोललास त्याची दोन वाक्यं कर बरं, तुझ्या बोलीतच. त्याने क्षणभरही विचार केला नाही. "बकऱ्या सोड्यात आनि उनू."

मी मॅडमकडे बघितलं. त्या फळ्याकडे बघत होत्या. जे पाच तासांत झालं नाही ते त्या पोराने घरून आणलं होतं, 'सोडीसन उनू' हे केवल, 'सोड्यात आनि उनू' हे संयुक्त. मराठीत तेच, 'सोडून आलो' आणि 'सोडल्या आणि आलो'. 'सोडून' वर वाक्य थांबत नाही, 'आलो' वर थांबतं, म्हणून ते एकच वाक्य.

पुढच्या भेटीत मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, माझ्या घरी पण अहिराणीच. डी.एड.ला सगळे हसायचे, तेव्हापासून वर्गात तोंडातून निघू देत नाही." मग कळलं, व्याख्या एवढी घट्ट का धरली होती ते. मला मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीचं म्हणणं फार पटतं, मूल जे अर्धं जाणतं तिथे हात द्यायचा. पण शिक्षकाचं स्वतःचं अर्धं जाणलेलं लपवलेलं असेल तर हात देणार कुठून, हे मात्र मला त्या बकऱ्यांनी शिकवलं, पुस्तकाने नाही. (थोडा अभिमान आहे मला त्या दिवसाचा, असू दे.)

तर जे मला फोन करतात त्यांना मी आता एवढंच सांगते. व्याख्येने सुरुवात करू नका, वाक्य कुठे थांबतं ते विचारा. थांबणारी क्रियापदं मोजायला लावा. 'जाऊन, खाताना, आलेला' ही थांबत नाहीत, ती मोजायची नाहीत. 'रडू लागला' हे एकच मोजायचं, कारण ते संयुक्त क्रियापद आहे आणि नावातला 'संयुक्त' बघून पोरं हमखास फसतात, यात त्यांचा काय दोष. 'आणि' दिसलं म्हणून लगेच संयुक्त नाही, 'गोटू आणि चिकू भांडले' तोडून बघा, गोटू भांडला, कोणाशी? तुटत नाही, केवलच. आणि, किंवा, पण, म्हणून या चौघांनी दोन पूर्ण वाक्यं बांधली तर संयुक्त. 'की' जरा बेरकी आहे, 'चहा घेता की दूध घेता' यात ते 'किंवा' आहे म्हणून संयुक्त, पण 'बाबा म्हणाले की उद्या बाजार आहे' हे मिश्र, म्हणजे एक वाक्य दुसऱ्यावर टेकलेलं, ते आठवडाभराने घ्या, एकाच दिवशी घेतलं की सगळं कालवण होतं.

आणि उदाहरणं पोरांकडूनच घ्या, त्यांच्या बोलीत. फळ्यावर शेजारी प्रमाण मराठी लिहा. चूक म्हणून नाही, जोडी म्हणून.

मॅडमचा मागच्या महिन्यात फोन आला. म्हटलं आता काय? तर म्हणे, तो बकऱ्यावाला विचारतोय, 'पाऊस आला, कापूस भिजला' यात आणि कुठेच नाही, मग हे काय? मी म्हटलं, संयुक्तच, स्वल्पविरामाने 'आणि'ची जागा घेतलीय. "तेच मी सांगितलं," मॅडम म्हणाल्या, "तर म्हणतो, मग मॅडम, पेपरात सोताच का नही लिखतस आनि?"