जुना ट्रंपेट घेताना काय बघायचं?

प्रश्न: ताई, आम्ही फोंड्याला राहतो. मुलगा १० वर्षांचा आहे, शाळेच्या बँडमधे सरांनी त्याला ट्रंपेटसाठी निवडलंय. चांगला नवीन घ्यायचं बजेट नाही. मडगावला एकजण जुना विकतायत, तियात्राच्या बँडमधे वाजायचा म्हणे. चकाचक दिसतो, आणि ते म्हणतात पितळ जितकं जुनं तितका आवाज गोड. आमच्या घरात भजनाची पेटी आणि तबला सोडून काही वाजलेलं नाही, त्यामुळे कळत काहीच नाही. घ्यावा का?
– एक आई, फोंडा

उत्तर: आधी पोराचं मनापासून अभिनंदन! आणि जुना घ्यायला अजिबात बिचकू नका, एकदम स्वस्तातला नवीन घेण्यापेक्षा यामाहा, बाख असल्या कंपनीचा वापरलेला स्टुडंट ट्रंपेट कधीही बरा. पण जुना तितका गोड हे काही खरं नाही हो, ट्रंपेट वापरून झिजतो. आणि चकाकी तर बघूच नका, पितांबरीने घासलं की कुठलंही पितळ चमकतं.

बघायचे ते वॉल्व, म्हणजे वरून बोटांनी दाबायची तीन बटणं. तिन्ही बोटांनी दाबून सोडा, त्यांच्या आतले दांडे, म्हणजे पिस्टन, न अडकता झटकन वर यायला हवेत. मग कुठलाही वॉल्व न दाबता मधल्या वॉल्वची छोटी स्लाइड (ओढली की सरकणारी नळी) हळूच थोडी बाहेर ओढा आणि तसंच धरून मधला वॉल्व दाबा, पॉक असा आवाज आला की हवा नीट धरली जातेय, काहीच आवाज नाही आला तर पिस्टन झिजलेत आणि ते काम खर्चाचं आहे, मग तो ट्रंपेट राहूद्या. वॉल्वच्या नळकांड्यावर पोचा असेल तरी नको. पुढच्या कर्ण्याला बारीक पोचा असला तर चालतो.

दुसरं म्हणजे माऊथपीस, म्हणजे ओठ लावून फुंकायचा तुकडा, लागतो ती नळी. सूर जुळवायची मोठी नळी, म्हणजे ट्यूनिंग स्लाइड, पूर्ण काढून मोबाईलच्या टॉर्चने आत बघा आणि बाहेरूनही नीट न्याहाळा, गुलाबी-तांबूस ठिपके दिसले तर पितळातलं जस्त निघून गेलंय, नळी आतून कुजत आलीय. तोंडाची वाफ, थुंकी आणि वर आपल्याकडचा पावसाळा, त्यामुळे गोव्यात हे जरा जास्तच बघून घ्यावं. माऊथपीस अडकलेला असेल तर पक्कड लावू नका, नळी पिळवटते, त्याचं वेगळं पुलर मिळतं.

आणि तुमची पेटी इथे कामाला येईल. बी फ्लॅट ट्रंपेटचा उघडा, म्हणजे एकही वॉल्व न दाबता निघणारा, सा म्हणजे पेटीची काळी पाच. फोनवरच्या ट्यूनर ॲपनेही तपासा, कारण ब्रिटिश बँडची वाद्यं १९६० च्या दशकापर्यंत चढ्या सुरात बनायची, ए हा सूर म्हणजे ४५२ हर्ट्झच्या आसपास, आता तो ४४० असतो, असलं वाद्य बँडमधे जुळवताना पोराची दमछाक होईल.

हात छोटे असतील आणि ट्रंपेट पेलवत नसेल तर सरांना कॉर्नेटचं विचारा, सूर तोच, बोटं तीच, फक्त नळी जास्त गुंडाळलेली असल्यामुळे वजन अंगाजवळ राहतं.

मडगावला जाताना सरांना सोबत न्या, त्यांनी वाजवून बघितल्याशिवाय ॲडव्हान्ससुद्धा देऊ नका. घेतलात तर माऊथपीस कोमट पाण्यात साबणाने धुवा, वॉल्व ऑईलची बाटली लगेच आणा, आणि जुलै-ऑगस्टमधे वाजवून झालं की पाणी काढून, पुसून मगच केसमधे ठेवायला लावा, नाहीतर आतल्या मखमलीला बुरशी धरते.