चक्रीवादळे आणि किनाऱ्यावरची बाग : बागायतदारांच्या प्रश्नांना उत्तरे

श्रीवर्धन, मुरूड, दापोली आणि मंडणगड या पट्ट्यातील बागायतदारांकडून आलेल्या प्रश्नांत काही गोष्टी वारंवार विचारल्या गेल्या आहेत. अरबी समुद्रात आता दरवर्षी वादळे होणार का आणि तसे असेल तर सुपारी पुन्हा लावावी का, आडवे झालेले हापूसचे कलम वाचते का, खारे पाणी शिरलेल्या शेतात भात कधी घ्यावे, आणि सात-बारा सामाईक असेल तर पंचनाम्याचे काय, असे हे प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, वादळे दरवर्षी होतीलच असे कोणी सांगू शकत नाही. पण वादळ हा अपवाद मानून बाग आखण्याचे दिवस मात्र संपले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वी बंगालच्या उपसागरात चार वादळे होत, तेव्हा अरबी समुद्रात सरासरी एक होत असे. 2019 मध्ये मात्र वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच वादळे एकट्या अरबी समुद्रात झाली. क्यार आपल्या किनाऱ्यावर आलेच नाही, तरी ऑक्टोबरअखेर त्याच्या पावसाने कापणीला आलेले भात आडवे केले. पुढच्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, आणि मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत गेले, तेव्हा हंगामाच्या शेवटचा आंबा अजून झाडावर होता. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 26.5 अंशांच्या वर राहिले की वादळाला लागणारी ऊर्जा मिळते, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर आपला समुद्र त्याहून बराच तापलेला असतो. म्हणून एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे दोन्ही काळ जोखमीचे धरावेत.

हवामान विभागाचा चक्रीवादळाचा इशारा साधारण 48 तास आधी मिळतो आणि 24 तास आधी तो अधिक निश्चित होतो. एवढ्या वेळात तयार आंबा उतरवणे, नारळाची जून फळे व सुक्या झावळ्या काढणे आणि कापलेले भात उचलून आडोशाला नेणे शक्य असते. पक्व भात पाण्यात लोळले आणि लगेच कापता येत नसेल, तर लोंब्यांवर मिठाचे 5 टक्के द्रावण, म्हणजे लिटरला 50 ग्रॅम मीठ, फवारल्यास दाण्याला मोड येणे लांबते. वारा अचानक पडला म्हणून बागेत धावू नये. तो वादळाचा डोळा असू शकतो, आणि तो सरकला की उलट दिशेने तितकाच जोराचा वारा येतो.

आता आडव्या झालेल्या कलमांविषयी, कारण सर्वाधिक नुकसान येथे घाईने होते. पडलेले प्रत्येक झाड मेलेले नसते. निम्म्याच्या आसपास मुळे जमिनीत शाबूत असतील आणि कलम तरुण असेल, तर ते उभे करण्याचा प्रयत्न जरूर करावा, मात्र तो पहिल्या आठवड्यातच. तोपर्यंत उघडी पडलेली मुळे ओल्या गोणपाटाने व मातीने झाकून ठेवावीत. मुळे तुटल्यामुळे झाडाला पाण्याचा पुरवठा कमी झालेला असतो, म्हणून विस्तारही त्याच प्रमाणात कमी करावा. फाटलेल्या फांद्या आणि चिरफाळलेली मुळे करवतीने स्वच्छ कापावीत. कोयत्याचे घाव घालू नयेत. नंतर मुळांकडील खड्डा खोल करून, खोडाला गोणपाट गुंडाळून त्यावर दोर बांधावा आणि झाड हळूहळू उचलावे. शाबूत मुळे ताणली जात आहेत असे दिसताच थांबावे, कारण झाड थोडे कलते राहिले तरी चालते, पण उरलेली मुळे तुटली तर ते हातचे जाते. माती दाबून भरावी, तीन बाजूंनी टेकू द्यावेत आणि नवी पालवी येईपर्यंत रासायनिक खत देऊ नये.

मोठी, जुनी झाडे उभी करण्याच्या खटाटोपात पडू नये. ती आहेत तशीच ठेवून किंवा खोड कापून नवीन धुमारे (फुटवे) येऊ द्यावेत. मात्र धुमारा कोठून फुटला आहे हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. कलमाच्या सांध्याच्या खालून फुटलेला धुमारा रायवळाचा, म्हणजे ज्या गावठी आंब्याच्या रोपावर हापूस बांधला त्याचा असतो. तो जोमाने वाढतो, छान दिसतो, पण काही वर्षांनी फळ धरते तेव्हा ते हापूस नसते. सांध्याच्या वरचेच धुमारे राखावेत. वरचा एकही नसेल, तर खालच्या धुमाऱ्यावर पुन्हा कलम बांधावे लागेल.

प्रत्येक कापावर 10 टक्के बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना प्लास्टिकच्या दोन वेगळ्या भांड्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवून मग एकत्र करावे. त्यात लोखंडाचा स्वच्छ खिळा थोडा वेळ बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, तो थोडा वाढवावा. जखमा उघड्या राहिल्या तर पुढच्या काही महिन्यांत भिरूड (खोड पोखरणारी अळी) शिरते, आणि खोडाच्या बुंध्याशी भुसा दिसू लागेपर्यंत आत पोखरण पुष्कळ झालेली असते.

समुद्राकडील बाजूची पाने करपलेली दिसली म्हणून झाड वाळले असे समजू नये. तो वाऱ्याने उडालेल्या खाऱ्या तुषारांचा परिणाम असतो. पाऊस लगेच आला नाही, तर गोड्या पाण्याने पाने धुवावीत आणि पालवीची वाट पाहावी.

नारळ आणि सुपारी यांना वाढीचा एकच कोंब असतो, त्यामुळे मधून मोडलेले झाड वाचत नाही. झावळ्या मोडल्या पण सुई, म्हणजे शेंड्यातले न उमललेले पान, हिरवी असेल, तर माड सावरतो. मात्र कोंब कुजू नये म्हणून सुईच्या भोवती 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. पडलेली खोडे बागेत कुजू देऊ नयेत. गेंड्या भुंगा अशा कुजक्या लाकडात वाढतो, आणि त्याने व वादळाने केलेल्या जखमांवर सोंड्या भुंगा अंडी घालतो. उभे राहिलेले माड वादळानंतरच्या वर्षात जातात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

सुपारी पुन्हा लावावी का, तर लावावी, पण सलग उघड्या पट्ट्यात नाही. आधी समुद्राकडील बाजूला सुरूचा वारारोधक पट्टा उभा करावा आणि रोपांना पहिली काही वर्षे केळीची सावली द्यावी. जायफळाची मुळे उथळ असतात, म्हणून ते आडोशाच्या आतल्या भागातच घ्यावे.

खारे पाणी शिरलेल्या शेतात पहिले काम ओहोटीला उघाडी (बांधातील पाणी सोडण्याचे दार) मोकळी करून पाणी जिरण्यापूर्वी बाहेर काढणे आणि मग बांधाचे खांड (फुटलेली जागा) बुजवणे हे आहे. जूनच्या वादळानंतर पावसाळा येतो. पावसाचे पाणी शेतात साठवून पुन:पुन्हा सोडून दिले की क्षार बरेच धुतले जातात. ऑक्टोबरनंतरच्या वादळाला ही सोय नसते, म्हणून त्या शेतात वाल-पावटा पेरण्याचा मोह टाळावा. माती परीक्षणात क्षारता मीटरला 4 डेसिसायमनपेक्षा जास्त आली, तर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या क्षारसहनशील भातजाती घ्याव्यात आणि रोपवाटिका उंच, वरकस जमिनीत करावी. विहीर खारी झाली असल्यास उपसा बेताने करावा. अतिउपशाने समुद्राचे पाणी आणखी आत ओढले जाते.

पंचनाम्यापूर्वी बाग साफ करू नये. करावीच लागली तर बुंधे जागेवर ठेवून, आजूबाजूची ओळखखूण दिसेल असे फोटो काढावेत. झाडांची नोंद ई-पीक पाहणीत आधीच असेल तर मोजणीवरून वाद होत नाही. सामाईक सात-बाऱ्यावर मदतीची रक्कम बहुधा हिस्सेदारांच्या संमतीपत्राअभावी अडते. मुंबईतील भावंडांची संमतीपत्रे गणपतीला ती गावी येतील तेव्हाच घेऊन ठेवावीत. हवामानावर आधारित फळपीक विमा ठराविक कालावधीतील हवामानाच्या निकषांवर मिळतो. झाड उन्मळून पडल्याची भरपाई त्यातच येईल असे गृहीत धरून पंचनामा टाळू नये.