वाचकांचे प्रश्न : जुनी नाणी घासावीत का?

प्रश्न : आजेसासऱ्यांनी जमवलेल्या नाण्यांचा पितळी डबा आमच्या घरी आहे. त्यात सयाजीराव महाराजांच्या काळातील तांब्याचे पैसे आणि राणीछाप चांदीचे रुपये आहेत. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ते बाहेर निघतात. रुपये काळे पडले आहेत, काही पैशांवर हिरवे डाग दिसतात. सासूबाई म्हणतात, चिंचेने घासून काढा. ओळखीचे एक संग्राहक म्हणतात, हातही लावू नका. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : सासूबाईंचा उपाय पूजेच्या तांब्या-पळीसाठी योग्यच आहे, पण नाण्यांना तो लावू नका. तांब्याच्या पैशावरचा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. धातूचा हवेशी संबंध येऊन वर्षानुवर्षांत तयार झालेला तो पातळ थर असतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. चिंचेतल्या आम्लाने हा थर विरघळतो, नाणे गुलाबी, चकचकीत दिसू लागते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा, पण या वेळी डागाडागांनी, काळवंडते. गायकवाडी पैशावरचा घोड्याचा खूर आणि तलवार भिंगातून पाहा : उठावाच्या कडा आणि संवताचे आकडे घासण्याने सर्वांत आधी बोथट होतात, आणि जाणकाराची नजरही सर्वांत आधी तिथेच जाते.

चांदीचेही तसेच. हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन रुपया काळा पडतो, म्हणजे त्या काळ्या थरात नाण्याचीच चांदी असते. भांड्यांची पावडर, टूथपेस्ट किंवा चांदी उजळवण्याचे द्रावण वापरले की दर वेळी थोडी चांदी निघून जाते. पावडर आणि पेस्टने बारीक ओरखडेही पडतात, आणि ते कधीच भरून येत नाहीत. ॲल्युमिनियमचा कागद आणि खाण्याचा सोडा वापरल्यास काळेपणा जातो खरा, पण पृष्ठभाग निस्तेज, मेलेला दिसतो. राणीछाप रुपयाचे मूळ वजन 11.66 ग्रॅम असून त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी असते. ही धातूची किंमत सराफाकडे केव्हाही मिळेल. संग्राहक त्याहून जास्त जे मोजतो ते मूळ पृष्ठभागासाठी, आणि सामान्य वर्षाचा रुपया एकदा घासला की तो जवळजवळ मोडीच्या भावावर येतो.

तरीही ‘हात लावू नका’ हा सल्ला मला पूर्णपणे मान्य नाही. जे नाण्याचे नाही, बाहेरून येऊन चिकटले आहे, ते काढल्याने फायदाच होतो. पंचामृत आणि कुंकू अक्षरांच्या खाचांत बसले असेल, तर ते ओलावा धरून ठेवते. असे नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवून ठेवावे, पाणी बदलावे आणि मऊ सुती कापडाने न चोळता नुसते टिपून घ्यावे. तेलकट थर किंवा प्लॅस्टिकच्या अल्बममुळे आलेला हिरवट चिकटपणा असेल, तर शुद्ध ॲसिटोन वापरावे; ते धातूला अपाय करत नाही. मात्र काचेची वाटी घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, आणि जवळपास निरांजनसुद्धा पेटलेले नसावे, कारण ॲसिटोन चटकन पेट घेते. नेलपॉलिश काढण्याचे द्रव त्याऐवजी चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंधी द्रव्ये मिसळलेली असतात.

हिरव्या डागांकडे मात्र आजच लक्ष द्या. डाग टणक, गुळगुळीत आणि वर्षानुवर्षे तसाच असेल, तर तो राहू द्या. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, पुसल्यावर पुन्हा येत असेल आणि खाली खड्डा पडत असेल, तर तो क्लोराइडमुळे लागलेला रोग आहे. ओलाव्यात त्यातून आम्ल तयार होते आणि ते तांबे आतून खात राहते. वडोदऱ्याच्या पावसाळ्यात तो झपाट्याने वाढू शकतो. अशी नाणी ताबडतोब वेगळी काढा, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि घरी कोणताही प्रयोग करू नका. तुमच्याच शहरात महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा संग्रहालयशास्त्र विभाग आहे. तिथे या कामातला जाणकार कोण, हे विचारून पाहा.

पूजेसाठी एखादा झिजलेला रुपया कायमचा वेगळा काढा आणि त्याला खुशाल अभिषेक करा. पूर्वी कधी काही नाणी घासली गेली असतील, तर गंधकाची धुरी देऊन त्यांना जुना रंग आणण्याच्या फंदात पडू नका. विकायची वेळ आली तर ती साफ केलेली आहेत, हे घेणाऱ्याला आधीच सांगा.