वरचा मजला, गट्टू आणि ‘थंड’ विटा : वाचकांची प्रश्नोत्तरे

होळी आटोपली की अकोला, नागपूर, चंद्रपूर या बाजूंची पत्रे वाढतात आणि त्यांतले बहुतेक प्रश्न गेल्या वर्षीचेच असतात. त्यामुळे गृहनिर्माण सोसायट्यांतून आलेल्या प्रश्नांना या वेळी एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. गच्चीला ‘हीटप्रूफ’ रंग दिल्यास तापमान १५ अंशांनी उतरते, असे विक्रेता सांगतो. हे खरे आहे का? (अकोला)

उत्तर : तापमान कशाचे, हे आपण त्याला विचारले का? गच्चीच्या पृष्ठभागाचे तापमान भर दुपारी तेवढे उतरू शकते, खोलीतल्या हवेचे उतरत नाही. विक्रेता हातातला तापमापक आधी रंगवलेल्या चौकोनावर आणि मग शेजारच्या काळवंडलेल्या कोब्यावर रोखून दाखवतो. आकडा खरा असतो, त्यावरून ग्राहकाने काढलेला अर्थ मात्र चुकीचा ठरतो. गच्ची पांढरी असावी, याविषयी दुमत नाही, कारण मेच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य थेट माथ्यावर येतो आणि उष्णतेचा सर्वाधिक मारा भिंतींवर नव्हे, तर छतावर होतो. त्यासाठी दरवर्षी चुन्याचे दोन हात देणे स्वस्त पडते, पांढऱ्या फुटक्या टाइलचे चायना मोझेक अधिक टिकते, परंतु धूळ बसली की दोन्हींचा गुण ओसरतो आणि गच्ची धुवावीच लागते. याहून अधिक गारवा हवा असल्यास स्लॅबवर उष्णतारोधक थर द्यावा लागेल. छताला ओल असेल तर त्याआधी गळती बंद करणे आवश्यक आहे, आणि ती पाहणी रंगविक्रेत्याने नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरने करावी.

प्रश्न : उन्हाळ्यात दिवसा खिडक्या उघड्या ठेवाव्यात का? (नागपूर)

उत्तर : बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम आहे तोवर बंद ठेवाव्यात, रात्री सताड उघडाव्यात.

प्रश्न : मेमध्ये उत्तम चालणारा कूलर जुलैत निरुपयोगी का ठरतो? (अमरावती)

उत्तर : दमट हवेत पाणी पुरेसे वाफारत नाही, म्हणून गारवा मिळत नाही, कूलर बिघडलेला नाही.

प्रश्न : पुनर्विकासात बिल्डर फ्लाय ॲशच्या ‘थंड’ विटा वापरणार आहे आणि प्रकल्प ‘ग्रीन’ असल्याचे माहितीपत्रकात छापले आहे. यावर विश्वास ठेवावा का? (चंद्रपूर)

उत्तर : औष्णिक वीज केंद्रांची राख विटांत जाणे चांगलेच आहे, परंतु तेवढ्याने वीट थंड होत नाही, उष्णता अडवण्यात ती भाजलेल्या विटेच्या आसपासच राहते. हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे एएसी ब्लॉक (सच्छिद्र, हलक्या काँक्रीटचे ठोकळे) त्या कामी बरेच सरस आहेत. तरीही पश्चिमेला छज्जाविना मोठी काच लावलेली असेल, तर ब्लॉकने वाचवलेले त्या काचेतून आत येते. बिल्डरकडे दोन कागद मागावेत. पहिला इको निवास संहिता २०१८ (निवासी इमारतींसाठीची ऊर्जाबचतीची केंद्रीय संहिता) नुसार केलेल्या गणिताचा. छत वगळून भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा तीत दर चौरस मीटरला १५ वॅट आहे. दुसरा ‘ग्रीन’ मानांकनाचा. तो आराखड्यावर मिळालेला पूर्वप्रमाणपत्राचा आहे की बांधकाम पूर्ण झाल्यावरचा, हे नीट वाचावे. करारावर सही करण्यापूर्वी सोसायटीने स्वतःचा स्वतंत्र वास्तुविशारद नेमावा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत मध्यभागी मातीचे मोकळे आवार व दोन जुने कडुनिंब आहेत. चिखल घरात येतो म्हणून कमिटी सगळीकडे गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) बसवून पार्किंगसाठी टिनशेड उभारणार आहे. ज्येष्ठ सभासदांचा विरोध आहे आणि विषय तीन वर्षे सर्वसाधारण सभेत रेंगाळला आहे. आपले मत काय? (नागपूर)

उत्तर : कमिटीने हे करू नये. चिखलाची तक्रार रास्त आहे, परंतु त्यासाठी चालण्याच्या वाटेवर आणि गाडीच्या दोन चाकोऱ्यांपुरती फरशी पुरेशी असते. उरलेल्या जागेत मुरूम, गवत आणि झाडे राहू द्यावीत. गट्टू दिवसभर ऊन साठवतो आणि सूर्य मावळल्यावर ते सोडू लागतो, म्हणजे आपण खिडक्या उघडून ज्या वेळी घर निववू पाहतो, नेमक्या त्याच वेळी आवारातून गरम हवा आत येते. टिनशेडखाली गाड्या सावलीत राहतील, परंतु तापलेल्या पत्र्याची झळ पहिल्या मजल्याला बसेल. मग तिथे एसी लागतो, एसीची उष्ण हवा त्याच आवारात किंवा डक्टमध्ये सोडली जाते आणि वरच्या शेजाऱ्यालाही एसी घ्यावा लागतो. घरे चौसष्ट असोत की आठ, आवार एकदा तापले की एकट्या फ्लॅटधारकाच्या हाती फारसे काही उरत नाही. पाण्याचाही विचार व्हावा. नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे १००० चौरस मीटर जमिनीवर सुमारे ११ लाख लिटर पाणी येते. त्यातले मातीत मुरणारे पाणी काँक्रीटवर बसवलेल्या गट्टूवरून थेट नालीत जाईल आणि मार्चमध्ये हीच सोसायटी टँकर मागवील.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरची वसाहत आखताना सात घरांमध्ये साधारण आठ मीटर लांब-रुंद असे एक अंगण ठेवले. तिथले हवामान दमट आहे, त्यामुळे त्या घरांची नक्कल विदर्भात करण्याचे कारण नाही, परंतु अंगण सात घरांचे असले की त्याची राखण कोण करणार, हा प्रश्न निम्मा सुटतो, हे घेण्यासारखे आहे. आपल्या आवाराचेही असे भाग पाडून ते घराघरांकडे सोपवता येतील.

कडुनिंबाच्या खोडाभोवतीची माती कोणत्याही परिस्थितीत बुजवू नये. झाड तोडणे किंवा छाटणे असेल तर १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ‘फांद्याच तर आहेत’ असे सांगणारा कंत्राटदार दंड भरायला येत नाही. उतार, मुरवण खड्डा आणि गाड्यांची जागा दाखवणारा नकाशा लँडस्केप आर्किटेक्टकडून करून घ्यावा आणि तोच सभेपुढे ठेवावा. नकाशा नसल्यामुळेच हा विषय तीन वर्षे नुसत्या मतांवर अडला आहे.

प्रश्न : छत गार राहावे म्हणून गच्चीवर एक फूट माती टाकून बाग करावी का? (वर्धा)

उत्तर : इंजिनिअरच्या लेखी परवानगीविना मुळीच नाही. वापरातल्या गच्चीसाठी प्रमाण संहितेनुसार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो चलभार (माणसे, सामान यांचे वजन) धरलेला असतो आणि फूटभर भिजलेल्या मातीचे वजन ५०० किलोंच्या वर जाते.

प्रश्न : आम्ही आठ कुटुंबे मिळून सेवाग्रामच्या बापूकुटीसारखी मातीची घरे बांधू इच्छितो. ती टिकतील का? (वर्धा)

उत्तर : टिकतील, पण दरवर्षी लिंपण, कवेलू (कौले) फेरणे आणि वाळवीवर लक्ष ठेवणे आठही घरांना जमणार असेल तरच. जाड भिंती आणि खोल पडवी यांच्याइतकेच हे कामही त्या घराचा भाग आहे. आधी मातीची तपासणी करून घ्यावी आणि माती-बांधकामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या वास्तुविशारदाला जागा दाखवावी. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र पाया खणू नये.